"दहा टक्क्यांपर्यंत कॉपी चालते", हे काय खरं नाही

आपल्या मराठवाड्यात पीएचडीच्या पोरापोरींच्या ग्रुपवर हे कायम फिरतं, की थिसिसमधी दहा टक्क्यांपर्यंत कॉपी नियमानंच चालते. असं वाटणं साहजिकै, कारण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या वाङ्मयचौर्य रोखायच्या नियमावलीत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही असंच लिहिलंय. पण शब्द बघा, तिथं "साम्य" म्हणलंय, चोरी चालते असं कुठंच म्हणलेलं नाही.

थिसिस तपासायचं सॉफ्टवेअर फक्त दुसऱ्या मजकुराशी जुळणारे शब्द मोजतं, चोरी ओळखत नाही. आता समजा जालन्याच्या मोसंबीवर 200 पानांचा थिसिसै, त्यात निष्कर्षाची 8 पानं दुसऱ्याची जशीच्या तशी उचलली, तर रिपोर्टात येणार फक्त 4 टक्के! आकडा एकदम सेफ, पण अख्खा निष्कर्षच दुसऱ्याचा. त्याच नियमावलीत सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी यांच्यात साम्य नकोच असं साफ लिहिलंय, सूट आहे ती सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टींना आणि योगायोगानं जुळलेल्या सलग 14 शब्दांपर्यंत. अवतरणात, नाव देऊन घेतलेला मजकूर तर मोजायचाच नसतो.

तपासायचं असंल तर नियमावली नेटवर फुकट मिळते, आणि रिपोर्ट उघडून टक्का सोडा, रंगवलेल्या ओळी कोणत्या प्रकरणातल्या हैत ते बघा.

आणि दर सेमिस्टरला यावर जागृती कार्यक्रम घ्यायचा हेही त्यातच लिहिलंय, तुमच्या डिपार्टमेंटला होत नसंल तर गाइडला विचारा, मला तर हे फार गरजेचं वाटतं.