उन्हाला येणारा निशाचर

हिवाळ्यातली सकाळ. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाला, किंचेगा राष्ट्रीय उद्यानातल्या भेगाळलेल्या मातीतून मुठीत मावेल एवढा प्राणी सरपटत वर येतो आणि उन्हात पडून राहतो. खरं तर त्याची वेळ रात्रीची. दिवसा त्यानं बिळात असायला हवं, कारण बाहेर मांजरं, कोल्हे आणि शिकारी पक्षी आहेत. तरीही तो येतो, तेही धड पळता येत नसताना. त्या क्षणी त्याच्या शरीराचं तापमान १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असू शकतं.

हा जाडशेपट्या डनार्ट, शास्त्रीय नाव स्मिन्थॉप्सिस क्रॅसिकॉडाटा. वजन १० ते २० ग्रॅम, मोठे कान, टपोरे काळे डोळे. पाहणारा त्याला उंदीरच म्हणेल, पण उंदराशी त्याचं काही नातं नाही. तो शिशुधान आहे, म्हणजे पिल्लांना पोटावरच्या पिशवीत वाढवणारा, आणि टास्मानियन डेव्हिल या मांसाहारी शिशुधानाच्या कुळातला. खाणं मात्र आपल्या चिचुंद्रीच्या वळणाचं: झुरळं, नाकतोडे, वाळवी, कोळी. किड्यांच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे शिकार मिळत राहिली तर वेगळं पाणी प्यायची गरज पडत नाही. वाळवंटातला तहानेचा प्रश्न असा परस्पर सुटतो.

खरी अडचण थंडीची आहे. प्राणी जेवढा लहान, तेवढं वजनाच्या मानानं त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, आणि उष्णता निसटते ती तिथूनच. पंधरा ग्रॅमच्या जिवाला थंडीच्या रात्री अंग गरम ठेवायचं तर सारखं खात राहावं लागेल. नेमक्या त्याच रात्री किडे दडून बसलेले असतात. यावर डनार्टचा उपाय सरळ आहे: अंग गरम ठेवायचंच नाही. पहाटेच्या सुमारास तो चयापचय पार मंद करतो आणि शरीर निवू देतो. काही तासांच्या या सुप्तावस्थेला टॉर्पर म्हणतात. महिनोन्‌महिने चालणारी शीतनिद्रा वेगळी; टॉर्पर त्याच दिवशी संपतो.

पण निवलेलं शरीर पुन्हा तापवायलाही ऊर्जा लागते, आणि ती थोडीथोडकी नसते. लीसा वारनेके, जेम्स टर्नर आणि फ्रिट्झ गायझर या संशोधकांनी किंचेगात डनार्टच्या शरीराच्या तापमानावर लक्ष ठेवलं, आणि २००८ साली ही उन्हाची गोष्ट प्रसिद्ध झाली. गार पडलेला प्राणी तसाच रखडत उन्हात येतो आणि तापण्याचं बरंचसं काम सूर्याकडून फुकट करून घेतो. सरड्यानं हे केलं तर कुणी वळूनही पाहणार नाही. सस्तन प्राण्यानं करावं, तेही निशाचरानं, याची गंमत वाटते. शिकार होण्याची जोखीम पत्करूनही तो हे करतो, यावरून स्वतःच्या बळावर तापणं त्याला किती महाग पडत असेल याचा अंदाज येतो.

बाकीची काटकसर शेपटीत दिसते. चांगल्या दिवसांत तिच्या बुडाशी चरबी साठते आणि ती गुबगुबीत होते. उपासमारीत तीच शेपटी बारीक होत जाते. शिवाय थंडीत हे एकलकोंडे प्राणी एकाच घरट्यात दाटीवाटीनं झोपतात. ही मैत्री ऋतूपुरती.

मादीचा गर्भकाळ जेमतेम १३ दिवसांचा. नवजात पिल्लाचं वजन १० ते १५ मिलिग्रॅम; साठ-सत्तर पिल्लं एकत्र तोलली तरी एक ग्रॅम भरेल की नाही शंका. डोळे नाहीत म्हटलं तरी चालेल, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पुढचे पाय आणि तोंड तेवढं तयार, कारण त्याच पायांनी सरपटत पिशवी गाठायची आणि स्तनाग्र तोंडात धरायचं असतं. फुप्फुसांची तयारीही अर्धवटच असते. क्वीन्सलंडमधल्या ज्युलिया क्रीक डनार्ट या भाऊबंदाची नवजात पिल्लं सुरुवातीला जवळजवळ सगळा श्वास त्वचेतून घेतात, असं १९९९ साली दिसून आलं. तोवर सस्तन प्राण्यात असं काही माहीत नव्हतं. डनार्टची पिल्लं दोन महिन्यांनंतर, सत्तराव्या दिवसाच्या आसपास दूध सोडतात.

गेल्या काही वर्षांत डनार्टचं नाव एका भलत्याच कारणानं गाजतंय. १९३६ साली होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा थायलसीन, म्हणजे टास्मानियन वाघ म्हटला जाणारा शिशुधान प्राणी, मेला. कोलॉसल ही अमेरिकी कंपनी आणि मेलबर्न विद्यापीठ तो परत आणू पाहत आहेत, आणि त्यासाठी डनार्टच्या पेशींतली जनुकं बदलून गर्भ डनार्टच्या मादीत वाढवायचा बेत आहे. कुत्र्याएवढा थायलसीन या चिमुकलीच्या गर्भाशयात मावणार कसा? शिशुधान नवजात इतकं लहान असतं की मावणं हा अडथळा ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते पटण्यासारखं आहे. मला अवघड वाटतं ते त्यापुढचं: इतके महिने दूध पाजणार कोण? थायलसीनच्या पिल्लाला पुरेल एवढं दूध डनार्टच्या मादीला यायचं नाही, म्हणजे पिशवी आणि दूध दोन्ही प्रयोगशाळेतच तयार करावं लागणार. शिवाय जनुकं बदललेला प्राणी कितपत थायलसीन आणि कितपत डनार्ट, हा वाद राहतोच.