बॅरन सिन्हा ऑफ रायपूर : एका सनदेची पार्श्वभूमी

ब्रिटिश राजाने भारतीय माणसाला दिलेले वंशपरंपरागत उमरावपद एकच, बॅरन सिन्हा ऑफ रायपूर. हे रायपूर छत्तीसगडचे नव्हे, बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातले.

सत्येंद्र प्रसन्न सिन्हा लिंकन्स इनचे बॅरिस्टर. १९०९ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसणारे ते पहिले भारतीय आणि १९१५ च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष. १९१९ मध्ये ते उपभारतमंत्री झाले. भारतमंत्री माँटेग्यू ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, कॉमन्समध्ये बसत, त्यामुळे उमरावांच्या वरिष्ठ सभागृहात, लॉर्ड्समध्ये सरकारची बाजू मांडायला उपमंत्री हवा होता, आणि तिथे बसायचे तर उमरावपद लागे. म्हणून हे पद. त्याच वर्षीचा भारत सरकार कायदा सिन्हांनीच लॉर्ड्समधून पार करून घेतला.

असे पद राजमुद्रेच्या सनदेने मिळते, आणि वारसाहक्क ठरतो तो सनदेच्या शब्दांवरून. सर्वसाधारण शब्दयोजना अशी: मूळ धारकाचे औरस, म्हणजे कायदेशीर लग्नातून जन्मलेले, पुरुष वंशज. मुलगी नाही, दत्तक नाही. धारक वारला की वारसाने आईवडिलांचा विवाह आणि आपला जन्म सिद्ध करायचा. मग, १९९९ पर्यंत, लॉर्ड्समध्ये बसण्याचे आज्ञापत्र निघे.

१९२८ मध्ये सिन्हा वारले आणि थोरले चिरंजीव अरुणकुमार यांचे घोडे याच ‘औरस’ शब्दावर अडले. सिन्हांचे लग्न हिंदू पद्धतीने झालेले. त्या काळी हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला कायद्याची आडकाठी नव्हती. इंग्रजी कायदा मात्र १८६६ च्या हाइड खटल्यापासून ‘एक पुरुष, एक स्त्री, आजन्म’ एवढेच लग्न धरी. सिन्हांनी दुसरे लग्न केलेच नव्हते, पण प्रश्न ते करता आले असते का, हा होता. माझ्या मते या सबंध इतिहासातला कळीचा मुद्दा हाच, कारण सनद देताना त्याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

निकाल लागला १९३९ मध्ये, लॉर्ड्सच्या विशेषाधिकार समितीपुढे. सिन्हा पतिपत्नी ब्राह्मो समाज या सुधारक पंथाच्या ‘साधारण ब्राह्मो समाज’ या शाखेत गेले होते, आणि तिथे एकपत्नीत्व बंधनकारक. म्हणजे सुरुवातीला बहुपत्नीत्वाला वाव असलेला विवाह पुढे एकपत्नीक झाला, असे धरून समितीने दावा मान्य केला. बापाच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी अरुणकुमार दुसरे बॅरन ठरले.

१९९९ च्या कायद्याने ९२ जागा वगळता वंशपरंपरागत उमरावांचा सभागृहातला हक्क गेला. पद उरते, पण २००४ पासून वारसाला अधिकृत नामावलीत नाव लावावे लागते, आणि त्यासाठी विवाह-जन्माचे पुरावे आजही द्यावेच लागतात.