शेष कशावर उभा आहे?

पाटणादेवीला येणारा चाळीसगावकर दर्शन घेतो, पावसाळा असेल तर धबधब्यावर जातो, आणि डबा उघडून जेवायला बसतो. तिथला शिलालेख वाचायला फारसं कुणी थांबत नाही. शके ११२८, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ, म्हणजे इ.स. १२०७. गणिती आणि ज्योतिषी भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने दान दिलं, अशी ती नोंद आहे. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि तो थेट बाजारातला आहे: गिऱ्हाइकाकडून किती घ्यायचं, सुपाऱ्या किती, आणि गावात जेवढे घाणे चालतात तेवढ्यांकडून मठाला ‘पळी पळी’ तेल.

या तेलावर जो ग्रंथ शिकवला जाणार होता, तो भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ (११५०). त्यातल्या गोलाध्याय या भागात पुराणांतल्या पृथ्वीची चांगलीच झडती घेतलेली आहे.

पुराणांतला नकाशा असा: मधोमध मेरू पर्वत, भोवती लाख योजनं (योजन हे अंतराचं जुनं माप) रुंदीचं जंबुद्वीप, त्याला खाऱ्या समुद्राचं कडं. मग पुन्हा द्वीप, पुन्हा समुद्र, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा, गोड्या पाण्याचा. प्रत्येक द्वीप आधीच्याच्या दुप्पट. सूर्य मेरूच्या पलीकडे गेला की आपल्याकडे रात्र. जैन परंपरेतही मेरू आणि जंबुद्वीप आहेत, पण सूर्याला एक फेरी मारायला दोन दिवस लागतात, म्हणून सूर्य दोन आणि चंद्रही दोन. याला हसू नये. दिवस-रात्र का होतात याचं उत्तर देण्याचा तो प्रयत्नच होता, फक्त पडताळून पाहिल्यावर टिकला नाही.

भास्कराचार्य पडताळणीच करतात. जमीन आरशासारखी सपाट असेल, तर वर कितीही दूर फिरणारा सूर्य मेरूवरच्या देवांना दिसतो तसा माणसांना सतत का दिसत नाही? मेरूआड गेल्यामुळे रात्र होत असेल, तर मधे मेरू का दिसत नाही? आणि पृथ्वीला शेषाचा किंवा कुणाचाही आधार मानला, तर त्या आधाराला दुसरा आधार, त्याला तिसरा, हे थांबणार कुठे? शेवटचा जर स्वतःच्या शक्तीने उभा राहू शकतो, तर ती शक्ती पहिल्यांदाच, पृथ्वीतच, का मानू नये? इथे ते जो दाखला देतात तो मला फार आवडतो: पृथ्वी ही शंकराच्या अष्टमूर्तींपैकी एक मूर्ती नाही का? शेषाला बाजूला करायला त्यांनी महादेवालाच साक्षीला बोलावलं.

हीच त्यांची रीत. जुनी नावं फेकायची नाहीत, त्यांना गोलावर जागा द्यायची. मेरू उत्तर ध्रुवावर. लंका विषुववृत्तावर, उज्जैनच्या रेखावृत्तावर. खारा समुद्र विषुववृत्तापाशी, जंबुद्वीप त्याच्या उत्तरेला आणि दुधा-दह्याचे समुद्र सगळे दक्षिण गोलार्धात, जिथून तक्रार करायला कुणी येणार नव्हतं! ग्रहणाचंही तसंच. चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीने होतं हे ते गणिताने दाखवतात, आणि राहू ब्रह्मदेवाच्या वराने त्या सावलीत शिरतो म्हणून परंपराही सांभाळतात. पाटणचं दान ग्रहणाच्या पुण्यकाळी दिलं गेलं, आणि ग्रहण कधी लागणार हे काढण्याची विद्याच त्या मठात शिकवायची होती.

पृथ्वीच्या मापाबाबत मात्र तडजोड नाही. विषुववृत्तापासून उज्जैन परिघाच्या सोळाव्या भागावर, म्हणजे साडेबावीस अंशांवर. आजचा आकडा २३.२ च्या आसपास. तेवढं अंतर मोजा आणि सोळाने गुणा, झाला परीघ. त्यांचा आकडा ४,९६७ योजनं. मग पुराणांत इतकी मोठी पृथ्वी कशाला सांगितली, असा टोलाही त्याच श्लोकात आहे.

युरोपातही नकाशावर धर्माचा हात होता. १३०० च्या सुमाराच्या, इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या नकाशात जेरुसलेम मधोमध, पूर्व वर आणि तिथे नंदनवन. पण तिकडच्या विद्वानांनाही पृथ्वी गोल असल्याचं ठाऊक होतं. तो नकाशा वाट शोधायला नव्हताच, पवित्र इतिहास दाखवायला होता.

धर्माने गणिताला कामाला लावल्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मात्र किब्ल्याचं, म्हणजे नमाजाच्या दिशेचं. अकराव्या शतकात अल-बिरूनी या विद्वानाने शहरांचे अक्षांश-रेखांश नेमके काढण्यावर आख्खा ग्रंथ लिहिला, त्यात गझनीहून मक्केची दिशा काढणं हा एक मोठा हेतू होता. हे गणित खान्देशातून करून पाहण्यात वेगळीच मजा आहे. नंदुरबारचा अक्षांश सुमारे २१.४ अंश उत्तर, मक्केचाही तेवढाच. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर मक्का बरोबर पश्चिमेला येते. आता पृथ्वीच्या गोलावर नंदुरबार ते मक्का दोरा ताणून धरा. तो २१.४ च्या अक्षवृत्तावरून जात नाही, वर उचलला जातो, कारण गोलावरची सर्वांत जवळची वाट गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या मोठ्या वर्तुळावरून, म्हणजे बृहद्‌वृत्तावरून जाते. रेखांशांतला फरक सुमारे साडेचौतीस अंशांचा. त्यावरून हिशेब केला की नंदुरबारहून निघतानाची दिशा पश्चिमेच्या साडेसहा अंश उत्तरेला येते. मक्केहून नंदुरबारकडे पाहिलं तरी दिशा पूर्वेच्या तेवढीच उत्तरेला मिळते, कारण दोन्ही गावं एकाच अक्षांशावर आहेत.