दुधाच्या बाटलीतलं रक्त

सप्टेंबर १९३८. हिटलरने चेकोस्लोव्हाकियाचा प्रदेश मागितल्याने उद्भवलेला म्युनिकचा पेच चिघळत चालला होता आणि लंडनवर बॉम्ब पडणार हे लोकांनी जवळजवळ धरूनच ठेवलं होतं. लंडनमधल्याच हॅमरस्मिथच्या रुग्णालयात रक्तविकारांवर काम करणाऱ्या डॉ. जॅनेट वॉन यांनी सहकाऱ्यांना टॅक्सीत घालून शहरभर पिटाळलं. मिळेल तेवढी रबरी नळी आणि बाटल्या आणा! तो पेच तात्पुरता टळला, पण वॉनबाईंनी तयारी थांबवली नाही.

वॉनबाई लहान असताना शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या मते ही मुलगी शिकवण्याच्या लायकीची नव्हती. ऑक्सफर्डच्या प्रवेशपरीक्षेत ती तिसऱ्या खेपेला पास झाली. पुढे डॉक्टर झाल्यावर तिने ‘पर्निशस ॲनिमिया’ हा तेव्हा जिवावर बेतणारा पंडुरोग अभ्यासाला घेतला. अमेरिकेत त्यावर कच्च्या यकृताचा उपाय सापडला होता. त्यात ब-१२ जीवनसत्त्व असतं, हे बऱ्याच पुढे कळलं. वॉनबाईंनी ओळखीच्यांकडून खिमा करायची यंत्रं मागून आणली (त्यातलं एक लेखिका व्हर्जिनिया वुल्फचं होतं, ती नात्यातलीच) आणि यकृताचा अर्क काढला. प्राध्यापक म्हणाले, आधी कुत्र्याला द्या. कुत्रा आजारी पडला. मग बाईंनी तो स्वतःच पिऊन पाहिला. दुसऱ्या दिवशी त्या ठणठणीत होत्या, तेव्हा कुठे रुग्णाला अर्क मिळाला.

रक्ताचं काम याच स्वभावाला साजेसं होतं. तोवर इंग्लंडमध्ये रक्त लागलं की रक्तदात्याला बोलावणं धाडायचं आणि ताजं रक्त चढवायचं, अशीच रीत होती. बॉम्बहल्ल्यात एका रात्रीत शेकडो जखमी आले तर हे कसं जमावं? साठवणीचा मार्ग माहीत होता. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. सोडियम सायट्रेट हा क्षार ते बांधून ठेवतो, म्हणून रक्त पातळ राहतं. वर थंडावा हवा. पण हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं ते स्पेनमधल्या यादवी युद्धात, बार्सिलोनाच्या डॉ. फ्रेडरिक दुरान जोर्दा यांनी. १९३९ मध्ये बार्सिलोना पडल्यावर ते लंडनला आले आणि त्यांचा अनुभव वॉनबाईंच्या कामी आला.

त्या वर्षी त्यांच्या घरी डॉक्टरांच्या बैठका झाल्या आणि लंडनभोवती चार रक्तपेढ्यांचा आराखडा ठरला. त्यातली स्लाउची पेढी त्यांच्याकडे आली. तीही कुठे, तर औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या करमणूक केंद्रात! बाटली दुधाच्या बाटलीत थोडा फेरफार करून बनवलेली, मध्ये कंबर असलेली, म्हणजे पट्टा बांधून उलटी टांगता यावी. रक्त रुग्णालयांत पोचवायला आइस्क्रीमच्या गाड्या. नवीन काही शोधलं म्हणावं असं यात फारसं नाही. पण माझ्या मते युद्धकाळात खरी अक्कल इथेच लागते, कारण नवीन यंत्र बनून येईपर्यंत जखमी माणूस थांबत नाही.

भाजलेल्या जखमींनी आणखी एक धडा शिकवला. अशा माणसाच्या अंगातून रक्ताचा पाण्यासारखा भाग, म्हणजे प्लाझ्मा, झिरपत जातो. मागे उरलेलं रक्त दाट होतं आणि रक्तदाब कोसळतो. इथे तांबड्या पेशींपेक्षा गेलेला द्रव भरून काढणं अधिक निकडीचं. प्लाझ्मा वाळवूनही ठेवता येतो, शिवाय साठवलेल्या रक्तासारखी दोन-तीन आठवड्यांत त्याची मुदत संपत नाही.

१९४५ च्या वसंतात त्यांना सैन्यामागोमाग युरोपात पाठवलं गेलं. काम असं की उपासमारीने खंगलेल्यांना पचवून ठेवलेल्या प्रथिनांचं द्रावण द्यायचं आणि ते उपयोगी पडतं का ते बघायचं. त्या पोचल्या जर्मनीतल्या बेर्गेन-बेल्सेनच्या नाझी छळछावणीत. १५ एप्रिलला ती मुक्त झाली तेव्हा आत सुमारे ६०,००० माणसं होती आणि हजारो प्रेतं उघड्यावर पडलेली. तिथून त्यांनी लिहिलं, ‘मी इथे नरकात विज्ञान करू पाहतेय.’

कागदावर युक्ती चोख होती. आतडी थकली आहेत, तेव्हा प्रथिनं पचल्यावर मिळणारी अमिनो आम्लं थेट शिरेतून द्यावीत. प्रत्यक्षात सुई आणि नळी पाहून रुग्ण घाबरून ओरडायचे. छावणीत सुई म्हणजे मरण, हे त्यांनी पाहिलेलं होतं. तोंडाने द्यावं तर द्रावणाची चव किळसवाणी. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं दुधाची भुकटी, पीठ आणि साखरेचं मिश्रणही तिथे आणलं होतं, पण बेल्सेनच्या लोकांना ते फार गोड लागलं. सैनिकांच्या डब्यांतलं चरबीयुक्त अन्न तर कित्येकांना बाधलं.

वॉनबाईंचा निष्कर्ष सरळ होता: या लोकांना द्रावण नको, थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा दिलेलं दुधावरचं हलकं अन्न हवं. जे तपासायला आपल्याला पाठवलं तेच कुचकामी आहे, असं त्यांनी आडपडदा न ठेवता कळवलं.

त्याच वर्षी त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजच्या प्राचार्या झाल्या आणि १९६७ पर्यंत तिथे राहिल्या. कॉलेजचा कारभार सांभाळून, किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम हाडांत जाऊन कसं बसतं यावर त्यांचं संशोधन चालूच होतं. रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञानसंस्थेने त्यांना फेलो करून घेतलं ते १९७९ मध्ये, ऐंशीच्या घरात पोचल्यावर!