यूएसबी-सिरियल अडॅप्टरला स्वतःचा पीआयडी: पात्रता, कागदपत्रं, अर्ज, आणि त्याआधी ठरवायची गोष्ट

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छ्यात कुठल्याही जुन्या व्हीएमसीच्या (संगणकीय मिलिंग मशीनच्या) मागे बघा, नऊ नाहीतर पंचवीस पिनांचा आरएस-२३२ हा सिरियल पोर्ट असतोच. ऑफिसातल्या नव्या लॅपटॉपला तो नसतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्याचीही तीच गोष्ट, डेअरीतल्या फॅट मोजायच्या यंत्राचीही तीच. मधला दुवा म्हणजे यूएसबी-सिरियल अडॅप्टर. तो बाजारातून आणून लावला की संपलं. पण स्वतःचा बोर्ड बनवून, त्यावर स्वतःचं फर्मवेअर (बोर्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) टाकून तो आपल्या नावाने विकायचा असेल तर एक क्रमांक लागतो. हा क्रमांक कुठे मिळतो, कुणाला फुकट मिळतो आणि अर्जात काय लिहायचं, याची ही माहिती.

क्रमांक म्हणजे नेमकं काय

प्रत्येक यूएसबी उपकरणात दोन क्रमांक असतात, दोन्ही सोळा बिटांचे. व्हीआयडी म्हणजे उत्पादकाचा क्रमांक आणि पीआयडी म्हणजे त्या उत्पादकाच्या वस्तूचा. आपल्या गाडीच्या नंबरात केए-२२ म्हणजे बेळगाव आणि पुढचा नंबर गाडीचा, तसंच. व्हीआयडी देण्याचा अधिकार अमेरिकेतल्या यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरम या संस्थेकडे आहे. एका व्हीआयडीखाली ६५,५३६ पीआयडी बसतात, त्यामुळे बरेच चिप उत्पादक आपल्या व्हीआयडीखालचे पीआयडी गिऱ्हाइकांना वाटतात.

उपकरण जोडलं की संगणक सुरुवातीलाच आठ बाइटांचा एक निरोप पाठवतो (आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या मोजणीत): ८० ०६ ०० ०१ ०० ०० १२ ००. अर्थ असा, की तुझा परिचय दे, अठरा बाइटांत. त्या अठरा बाइटांत आठ बाइट सोडून पुढचे दोन व्हीआयडीचे आणि त्यानंतरचे दोन पीआयडीचे. लहान बाइट आधी येतो, म्हणून ०४०३ हा क्रमांक तिथे ०३ ०४ असा दिसतो. अर्जात उलटा आकडा भरला जातो तो इथूनच, तेव्हा लक्ष असू द्या.

अर्जाच्या आधी: बोली कुठली?

फॉर्म कुठला भरायचा हे लोक आधी विचारतात. त्याआधी ठरवायचं ते हे, की तुमचा अडॅप्टर संगणकाशी कुठल्या पद्धतीच्या निरोपांत बोलणार. कारण संगणक क्रमांक बघून ड्रायव्हर निवडतो, आणि ड्रायव्हर निवडला गेला की बोलीही ठरून जाते.

उदाहरण उद्यमबागेतलंच घेऊ. जुन्या सीएनसी कंट्रोलरला (मशीन चालवणाऱ्या संगणकाला) बऱ्याचदा ४८०० बॉडचा वेग, सात डेटा बिट, ईव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट असं सेटिंग लागतं. ही एकच गोष्ट दोन बोलींत कशी सांगतात ते बघा.

पहिली बोली सीडीसी-एसीएम. ही कुणा एका कंपनीची नाही, यूएसबीच्या अधिकृत मानकातलीच आहे. इथे संगणक २१ २० असा सुरू होणारा निरोप धाडतो आणि त्यामागे सात बाइट येतात: सी० १२ ०० ०० ०२ ०२ ०७. पहिले चार बाइट वेगाचे (४८०० म्हणजे हेक्समध्ये १२सी०, तोच उलटा), मग स्टॉप बिटांचा ०२, ईव्हन पॅरिटीचा ०२ आणि डेटा बिटांचा ०७. डीटीआर-आरटीएस या इशाऱ्याच्या तारा चालू-बंद करायला २२ क्रमांकाचा वेगळा निरोप आहे. एवढ्यात काम होतं.

दुसरी बोली एफटीडीआय या कंपनीच्या चिपची. तिला वेग आकड्यात सांगत नाहीत, भाजक सांगतात. तीस लाखांना ४८०० ने भागलं की ६२५, हेक्समध्ये ०२७१. तेव्हा ४० ०३ असा सुरू होणारा निरोप आणि त्यातच ०२७१. बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट यांच्यासाठी दुसरा निरोप, ४० ०४, आणि त्यात १२०७. मागे सात बाइटांची पुरचुंडी नाही, सगळं त्या आठ बाइटांतच. शिवाय ही चिप संगणकाकडे जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाच्या सुरुवातीला दोन बाइट स्थितीचे जोडते आणि ड्रायव्हर ते काढून टाकतो.

आता गंमत बघा. फर्मवेअर सीडीसीचं लिहिलं आणि क्रमांक मात्र ०४०३:६००१ हा एफटीडीआयचा ढापून टाकला, तर काय होईल? एफटीडीआयचा ड्रायव्हर येऊन बसेल, बोर्डाला कळत नसलेले निरोप धाडेल आणि आलेल्या प्रत्येक पाकिटाचे पहिले दोन बाइट स्थितीचे समजून फेकून देईल. वजनकाट्यावर १२४५० चा ४५० झाला तर ट्रकवाला आणि काटेवाला यांच्यात काय होईल ते सांगायला नको.

सीडीसीची एक उणीवही सांगून ठेवतो, कारण ती आपल्याकडच्या मशीनवाल्यांना हमखास भोवते. तीन तारांच्या केबलवर प्रोग्रॅम पाठवताना कंट्रोलरचा बफर भरला की तो एक्सऑफ पाठवतो, म्हणजे थांब. एफटीडीआयच्या बोलीत हे चिपने सांभाळावं असं सांगणारा निरोप आहे. सीडीसीत असा निरोपच नाही. तुमच्या फर्मवेअरने स्वतःहून एक्सऑफ ओळखून थांबायला हवं, नाहीतर मोठा प्रोग्रॅम मध्येच तुटतो आणि जॉब वाया जातो. वर्कशॉपातला माणूस तेव्हा एवढंच म्हणतो, "अण्णा, अर्ध्यातच थांबालाय की हे!" आणि दोष केबलला देतो.

पात्रता: कुणाला काय मिळतं

तयार अडॅप्टर विकत घेऊन वापरणाऱ्याला काहीच करायचं नाही. तयार चिप आपल्या बोर्डावर बसवून तिचा मूळ क्रमांक ठेवणाऱ्यालाही अर्ज लागत नाही. माझ्या मते दहापैकी आठ जणांनी इथेच थांबावं. मूळ क्रमांकाला मूळ सही केलेला ड्रायव्हर चालतो आणि कटकट मिटते.

तरीही स्वतःचा क्रमांक हवा असेल तर तीन वाटा आहेत.

चिप उत्पादकाकडून. एफटीडीआय आपली चिप वापरणाऱ्याला ०४०३ खालचे आठ पीआयडी फुकट देते. सिलिकॉन लॅब्स १०सी४ खाली देते. मायक्रोचिप ०४डी८ खाली देते, पण त्यांचाच मायक्रोकंट्रोलर हवा आणि संख्येची मर्यादा दहा हजार नगांची. अट सगळीकडे एकच, की चिप त्यांची असली पाहिजे. मात्र एफटीडीआयचा नवा पीआयडी घेतलात की विंडोजचा तयार ड्रायव्हर तो ओळखत नाही. ड्रायव्हर कुठल्या क्रमांकाला लागू ते सांगणाऱ्या आयएनएफ फाइलमध्ये तुमचा क्रमांक घालावा लागतो, आणि फाइलला हात लावला की ड्रायव्हरची डिजिटल सही मोडते. ६४ बिटांच्या विंडोजवर मग पुन्हा सहीचा खर्च आला. फुकट मिळालेला क्रमांक इथे महाग पडतो, हे आधी कुणी सांगत नाही.

ओपन सोर्स वाट. पीआयडी डॉट कोड्स नावाच्या व्यवस्थेकडे १२०९ हा व्हीआयडी आहे. हार्डवेअर किंवा फर्मवेअर मान्यताप्राप्त ओपन सोर्स परवान्याखाली प्रसिद्ध केलं असेल तर पीआयडी फुकट. कंपनी असायची गरज नाही, एकटा माणूसही चालतो. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांना ही वाट सगळ्यात सोयीची. डिझाइन गुप्त ठेवायचं असेल तर मात्र तुम्ही इथे अपात्र.

थेट फोरमकडून. स्वतःचा पूर्ण व्हीआयडी. नुसत्या व्हीआयडीची फी ६,००० डॉलर, सभासदत्वासह घ्यायचा तर दरवर्षी ५,००० डॉलर. म्हणजे चार-पाच लाख रुपयांचा हिशोब. फी बदलत आली आहे, तेव्हा भरायच्या दिवशी फोरमच्या संकेतस्थळावरचा आकडा बघूनच बँकेत जा. यूएसबीचा अधिकृत लोगो पेटीवर छापायचा असेल तर त्याचा परवाना आणि चाचणी वेगळी. वर्षाला काही शे नग विकणाऱ्याला हे परवडत नाही, सरळ सांगतो.

कागदपत्रं

चिप उत्पादकाच्या अर्जात फर्मचं नाव, पत्ता, संपर्काचा ईमेल, कुठली चिप, वस्तू काय आणि साधारण किती नग, एवढं लिहायचं. बहुतेक ईमेलवर किंवा ऑनलाइन फॉर्मवर भागतं.

फोरमकडे अर्ज करताना फर्म खरी आहे हे दाखवावं लागतं, सही अधिकार असलेल्या माणसानेच करावी लागते. आपल्याकडे जीएसटी नोंदणी, फर्मचं पॅन आणि असल्यास उद्यम प्रमाणपत्र जवळ ठेवा. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर, ऑनलाइन, फुकट होते, तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. दुकान-आस्थापनेचा किंवा पालिकेचा परवाना कानडीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर सोबत लावा. आणखी एक, बेळगाव शहराचं अधिकृत नाव २०१४ च्या नोव्हेंबरात बदललं. जुन्या भागीदारीपत्रावर इंग्रजीत एक स्पेलिंग आणि जीएसटीवर दुसरं, असं असेल तर अर्जात जीएसटीवरचंच वापरा आणि बँकेलाही तेच द्या. डॉलरमध्ये पैसे पाठवताना बँक इनव्हॉइस आणि ए-२ फॉर्म मागते. परदेशी सेवा घेतल्यावर जीएसटी रिव्हर्स चार्जचा (कर घेणाऱ्यानेच भरायचा) मुद्दा येतो, तो आपल्या सीएला आधीच विचारा, वर्षाखेरीला नको.

ओपन सोर्स वाटेला यातलं काहीच लागत नाही. उलट तिथे आधार, पॅन किंवा घरचा फोन चुकूनही टाकू नका, कारण तो अर्ज सगळ्या जगाला उघड दिसतो.

अर्ज कसा भरायचा

ओपन सोर्स वाटेचा अर्ज म्हणजे गिटहब या संकेतस्थळावरची पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल तुमच्या प्रकल्पात घ्या अशी विनंती. आधी तुमचा प्रकल्प सार्वजनिक रेपॉझिटरीत (फाइलींच्या साठ्यात) हवा, आत परवान्याची फाइल हवी, आणि सर्किट किंवा फर्मवेअर खरोखर तिथे हवं. "पुढच्या महिन्यात टाकतो" चालत नाही. मग पीआयडी डॉट कोड्सच्या रेपॉझिटरीची आपली प्रत काढायची, त्यात संस्थांच्या फोल्डरमध्ये आपल्या नावाची फाइल घालायची, आणि १२०९ च्या फोल्डरमध्ये कुणी न घेतलेला पीआयडी निवडून त्या नावाचं फोल्डर करायचं. आतल्या फाइलमध्ये शीर्षक, मालक, परवाना, संकेतस्थळ आणि सोर्सचा दुवा. मग पुल रिक्वेस्ट. बघणारी माणसं स्वयंसेवक आहेत, तेव्हा चार दिवस उत्तर आलं नाही म्हणून रोज आठवण पाठवू नका. परवान्याची फाइल नसणं हे अडायचं नेहमीचं कारण.

क्रमांक ढापून काम चालवणाऱ्यांसाठी एक जुनी हकिगत. २०१४ च्या ऑक्टोबरात एफटीडीआयच्या नव्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिप ओळखून त्यांचा पीआयडी ०००० करून टाकला. अडॅप्टर जागच्या जागी मेले, आणि कित्येकांना आपल्याकडची चिप नकली आहे हे तेव्हा कळलं. आरडाओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. तुमच्या गिऱ्हाइकाच्या टेबलावर हे होऊ नये असं वाटत असेल तर दुसऱ्याचा क्रमांक घेऊ नका आणि चिप ओळखीच्या विक्रेत्याकडून घ्या.

क्रमांक हाती आल्यावर

फर्मवेअरमध्ये व्हीआयडी-पीआयडी घालताना सिरियल नंबरची ओळही भरा, प्रत्येक नगाला वेगळी. ती रिकामी असली की विंडोज प्रत्येक सॉकेटला नवा कॉम पोर्ट देतं, आणि काट्यावरच्या सॉफ्टवेअरला कॉम३ हवा असताना अडॅप्टर कॉम११ वर जाऊन बसतो. सीडीसी बोली घेतली असेल तर विंडोज १० आणि त्यापुढे ड्रायव्हर आपोआप येतो. वर्कशॉपातल्या संगणकावर अजून विंडोज ७ असेल, आणि असतोच, तर आयएनएफ फाइल पेनड्राइव्हवर टाकून सोबत द्या. तिथे बऱ्याचदा इंटरनेट नसतं.