संगणकीय पूर्वग्रह

संगणकीय पूर्वग्रह : संगणकाधारित यंत्रणेकडून विशिष्ट वंश, वर्ण, जात वा लिंगाच्या लोकांवर सातत्याने, आणि बहुधा कोणाच्या ध्यानात न येता होणारा अन्याय. तुरळक चुका या संज्ञेत मोडत नाहीत. चुकांचा कल एकाच बाजूला असावा लागतो.

संज्ञेची शास्त्रीय मांडणी बॅट्या फ्रीडमन व हेलन निसनबॉम या संशोधकांनी १९९६ मध्ये केली, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्ष प्रकार त्याहून जुना. लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय विद्यालयात १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रवेश-अर्ज चाळणारी प्रणाली तयार झाली. निवड करणाऱ्या प्राध्यापकांच्या निकालांशी आपला निकाल जुळावा, हेच तिचे उद्दिष्ट होते. परिणामी युरोपीय न वाटणाऱ्या नावांचे आणि स्त्रियांचे गुण कमी होत. ब्रिटनच्या वांशिक समता आयोगाने १९८८ मध्ये संस्थेला दोषी ठरवले.

दोषाचे मूळ कोठे, याविषयी मतभेद आहेत. प्रणालीला शिकवण्यासाठी वापरलेली विदाच (डेटाच) एकांगी असते, हे अभियंत्यांत रूढ मत. जॉय ब्युओलाम्विनी व टिम्निट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या; सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत चुका ३४.७ टक्क्यांपर्यंत गेल्या, गोऱ्या पुरुषांबाबत ०.८ टक्क्यांवर गेल्या नाहीत. दुसऱ्या मतानुसार काय मोजायचे हे ठरवतानाच दोष शिरतो. अमेरिकेतील एका प्रणालीने आजाराची तीव्रता उपचारांच्या खर्चावरून जोखली. ज्यांच्यावर मुळात खर्चच कमी झाला होता ते कृष्णवर्णीय रुग्ण त्यामुळे मागे पडले (२०१९ चा अभ्यास). नमुने कितीही वाढवले तरी हा दोष हटत नाही, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

महाराष्ट्रात ‘वंश’ ही संज्ञा जशीच्या तशी लावता येत नाही. जात म्हणजे वंश नव्हे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे प्रतिपादन होते. शिवाय येथे यंत्राला जातीचा रकाना लागतही नाही. गजभिये, रामटेके, वासनिक ही आडनावे वाचून नागपूरकर जे ओळखतो, ते जुन्या नोंदींवरून प्रणालीही शिकू शकते. सोबत पिनकोड असला तर अंदाज आणखी पक्का होतो. मेश्राम हे आडनाव मात्र गोंडांत आहे तसे बौद्धांतही आहे, त्यामुळे तेथे माणूस आणि यंत्र दोघेही फसतात.

पोलीस-तपासात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करण्यासाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये नागपुरात ‘मार्वेल’ ही कंपनी स्थापन केली. गुन्ह्यांच्या जुन्या दप्तरावर शिकणाऱ्या कोणत्याही प्रणालीत संपूर्ण जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा मुरलेला असण्याची शक्यता धरावी लागते. या जमाती १९५२ मध्ये विमुक्त झाल्या, तरी पारध्यांवरचा संशय ओसरलेला नाही.

रोजच्या वापरातील ठळक उदाहरण ऑक्सिमीटरचे. बोटाला लावायच्या या चिमट्यातून लाल व अवरक्त प्रकाश आरपार जातो. त्वचेतील मेलॅनिन त्यातील काही शोषून घेते आणि ऑक्सिजनचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. रक्तातील ऑक्सिजनची धोकादायक घट यंत्राकडून निसटण्याचे प्रमाण अमेरिकेतील २०२० च्या अभ्यासात कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के, गोऱ्यांत ३.६ टक्के आढळले. पुढच्याच वर्षी, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, नागपुरात घरोघरी याच यंत्रावर ९४ चा आकडा पाहून इस्पितळ गाठायचे की थांबायचे हे ठरत होते.

रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र काहीसे निराळे. तेथे आड येतो तो वर्ण नव्हे, कष्टाने झिजलेल्या रेषा. ठसा जुळला नाही की दुकानदार बोट पुसायला सांगतो, मग दुसरे बोट मागतो.