मुलाचं एडीएचडी इव्हॅल्युएशन: कोणाचं करतात, कागद काय लागतात, मुलाला काय सांगायचं

शाळेतून "एकदा असेसमेंट करून घ्या" असा निरोप आला की पालकांचे दोन प्रश्न ठरलेले, कुठल्या डॉक्टरकडे जायचं आणि ती टेस्ट असते तरी कसली. दुसऱ्याचं उत्तर आधी देते कारण बाकी सगळं त्यावर आहे. एडीएचडी म्हणजे वयाच्या मानाने लक्ष न टिकणं किंवा चुळबुळ-उतावळेपणा न आवरणं, त्यासाठी रक्ताची टेस्ट नाही, एमआरआय किंवा ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) काढून ते कळत नाही. कॉम्प्युटरसमोर बसून बटन दाबायच्या अटेन्शन टेस्ट काही ठिकाणी घेतात, पण नुसत्या त्यांच्यावर निदान करत नाहीत. निदान होतं ते माहितीवरून, म्हणजे घरी काय दिसतं, शाळेत काय दिसतं आणि अगदी लहानपणापासून काय दिसत आलंय. त्यामुळे डॉक्टरांसमोरच्या तासाभरात मूल कसं वागलं यापेक्षा तुमच्या फाइलमध्ये काय आहे त्याला जास्त वजन असतं, आणि तयारी बरीचशी आपल्याला करायची असते, मुलाला थोडीच.

कोणाचं करतात

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्ये ४ ते १८ वर्षं हा वयोगट धरलाय. त्याहून लहान मूल दिवसभर पळतंय म्हणून कोणी शिक्का मारत असेल तर थोडं थांबा, त्या वयात पळणं हे त्यांचं कामच असतं.

निकष बहुतेक ठिकाणी डीएसएम-५ चे लावतात, ते मानसिक विकारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक, २०१३ मध्ये आलं. त्यात दोन याद्या आहेत, एक लक्ष न टिकण्याची आणि दुसरी चुळबुळ-उतावळेपणाची, प्रत्येकी ९ लक्षणं. १६ वर्षांपर्यंतच्या मुलात किमान एका यादीतली ६ तरी दिसायला हवीत, १७ पासून पुढे ५ पुरतात. पण खरी गोम पुढे आहे. ही लक्षणं कमीत कमी ६ महिने चालू असावी लागतात, वयाच्या मानाने जास्त असावी लागतात, त्यातली काही १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांच्यामुळे अभ्यास, मैत्री, घरातलं वागणं यात खरंच अडचण येत असली पाहिजे. फक्त घरी त्रास आहे आणि शाळेत सगळं ठीक, किंवा उलट, तर डॉक्टर आधी दुसरं कारण शोधणार आणि ते बरोबरच आहे. आधीच्या आवृत्तीत, डीएसएम-४ मध्ये, ७ वर्षांच्या आधी अशी अट होती, ती जुनी माहिती अजून फिरत असते, त्यामुळे "आमच्याकडे नवव्या वर्षी लक्षात आलं म्हणजे आता निकषात बसत नाही" असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

अजून एक, नुसत्या पहिल्या यादीतली लक्षणं असली तरी एडीएचडी असू शकतो. वर्गात गप्प बसून स्वतःच्याच तंद्रीत असलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही म्हणून तिच्याबद्दल शाळेतून फोन येत नाही, आणि ती वर्षानुवर्षं "हुशार आहे पण धांदरट" एवढ्यावर राहते. शाळेच्या फोनची वाट बघायची गरज नाही, पालक स्वतःहून विचारू शकतात.

कोणाकडे जायचं

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून केली तरी चालतं. निदान बालमानसोपचारतज्ज्ञ, डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर), मुलांचे न्यूरोलॉजिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात, काही ठिकाणी आधी रेफरल लेटर लागतं, ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. आणि हे विसरू नका की रिपोर्ट कशासाठी हवाय ते आधी ठरवायचं. नुसतं समजून घ्यायला हवा असेल तर कोणत्याही चांगल्या तज्ज्ञाचा चालेल, पण परीक्षेत जास्त वेळ वगैरे सवलत हवी असेल तर शाळा किंवा परीक्षा बोर्ड कोणाची सही मान्य करतं, रिपोर्ट किती जुना चालतो, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. सगळं झाल्यावर "या सहीचा चालत नाही" ऐकायला मिळालं की पुन्हा पहिल्यापासून.

फाइल

मुलाच्या जन्मतारखेचा पुरावा, पालकांचं ओळखपत्र, पालक वेगळे राहत असतील तर ताब्याचे कागद आणि संमती कोणाची लागेल ते. गरोदरपणात आणि जन्माच्या वेळी काही अडचण होती का (वेळेआधी जन्म, कमी वजन), बसणं-चालणं-बोलणं कधी सुरू झालं, डोक्याला मार, फिट, मोठे आजार, चालू औषधं डोससकट. घरात कोणाला एडीएचडी, डिप्रेशन, टिक्स (आपोआप होणाऱ्या झटक्यासारख्या हालचाली किंवा आवाज), शिकण्यातली अडचण आहे का, कारण एडीएचडी घराण्यात चालत येतो. आणि कोणाला कमी वयात हृदयविकार किंवा अचानक मृत्यू झालाय का, हा प्रश्न पुढे औषधाचा विचार झाला तर विचारतातच, आजी-आजोबांना आधीच विचारून ठेवा.

डोळे आणि कान तपासल्याचा रिपोर्ट सोबत ठेवा, नसेल तर आधी तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नसलेलं मूलही "लक्ष देत नाही" असंच दिसतं. झोपेचंही तसंच, घोरणारं किंवा झोपेत श्वास अडकणारं मूल दिवसभर चिडचिडं आणि सैरभैर असतं. म्हणून दोनेक आठवडे झोपायची-उठायची वेळ लिहून ठेवा, मधे उठतो का, घोरतो का तेही.

प्रगतिपुस्तकं सगळ्या वर्षांची घ्या, नुसती यंदाची नको. मार्कांपेक्षा शेऱ्यांचा रकाना बघतात, "काम अर्धवट सोडतो", "फार बोलते" हे बालवाडीपासून येत असेल तर १२ वर्षांच्या अटीचा पुरावा तिथेच मिळतो. आणि मुलाच्या वह्या, नीटनेटक्या नकोत, खऱ्या. एकाच पानावर पहिली तीन गणितं सुबक, चौथ्यात अधिकचं चिन्ह असताना वजाबाकी केलेली, पाचवं अर्ध्यावर आणि समासात रॉकेट, हे पान तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतं. जन्मतारीख वर्गाशी ताडून बघा, वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो असं बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसलंय, मूल नुसतंच कमी वयाचं असेल तर तेही डॉक्टरांना कळायला हवं.

फॉर्म

घरासाठी एक आणि शिक्षकांसाठी एक असे रेटिंग फॉर्म देतात. व्हँडरबिल्ट हा खूप ठिकाणी वापरतात, ६ ते १२ वर्षांसाठी, पालकांचे ५५ प्रश्न आणि शिक्षकांचे ४३. कॉनर्स नावाचा असाच दुसरा फॉर्म पण वापरतात. व्हँडरबिल्टमध्ये लक्षणांच्या प्रत्येक वाक्याला ० ते ३ गुण द्यायचे, ० म्हणजे कधीच नाही, ३ म्हणजे खूपच वेळा, आणि लक्षण म्हणून मोजताना २ आणि ३ धरतात. आता "समोर बोललं तरी ऐकत नाहीसं वाटतं" या वाक्यावर बहुतेक आईबाप अडतात, कारण कार्टून बंद करायला सांगितलं तर कुठलंच मूल ऐकत नाही. विचार असा करा की त्याच्या वयाच्या इतर मुलांच्या मानाने किती, आणि गेल्या ६ महिन्यांत किती, कालच्या भांडणावरून नाही. आई आणि बाबांचे आकडे जुळत नसतील तर मुद्दाम जुळवू नका, वेगळे भरा, तो फरकही डॉक्टरांना उपयोगाचा असतो.

शिक्षकांचा फॉर्म आधी द्या कारण तोच शेवटी अडकतो. वर्ष नुकतंच सुरू झालं असेल तर शिक्षकांना मूल ओळखायला थोडे आठवडे जाऊ द्या, वरच्या वर्गात असेल तर दोन-तीन विषयांच्या शिक्षकांकडून घ्या. आणि कृपा करून त्यांना "जरा चांगलं लिहा" किंवा "जरा जास्तच लिहा" असं काही सांगू नका.

मुलाला काय सांगायचं

खरं सांगायचं, थोडक्यात. लहान मुलाला एक-दोन दिवस आधी पुरे, आठवडाभर आधी सांगितलं तर आठवडाभर तोच प्रश्न. "आपण एका डॉक्टरांना भेटणार आहोत, ते मुलांचं मन कुठे लागतं कुठे लागत नाही ते समजून घेतात, सुई नाही, पास-नापास नाही, काही खेळ-कोडी असतील, जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगायचं." सुई नाही हे मात्र आधी विचारून मगच सांगा, कधीकधी थायरॉइड किंवा हिमोग्लोबिनसाठी रक्त घेतात. "नीट वागलास तर लवकर सोडतील" किंवा "आता डॉक्टरच तुला सरळ करतील" हे अजिबात नको, आयुष्यभर डॉक्टरकडे येणार नाही.

मोठ्या मुलाला जास्त सांगा आणि त्याचंही ऐका, त्याला स्वतःला कशाचा वैताग येतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. डॉक्टर त्याच्याशी एकट्याने बोलतील हेही आधी सांगून ठेवा, आणि घरी आल्यावर "काय काय विचारलं" अशी उलटतपासणी घेऊ नका.

त्या दिवशी झोप झालेली, पोट भरलेलं, चष्मा लागत असेल तर चष्मा, सोबत थोडा खाऊ आणि पाणी. वेळ मिळत असेल तर सकाळची. चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, द्यायचं की नाही ते आधी फोन करून विचारा. काही पालक रात्रभर पाठांतर घेतात, कशाचं ते देव जाणे.

आणि मूल तिथे अगदी शहाण्यासारखं बसलं तर घाबरू नका. नवीन खोली, नवीन माणूस, एकट्याकडे पूर्ण लक्ष, अशा वेळी बरीच एडीएचडीची मुलं मस्त बसतात, डॉक्टरांना ते माहीत असतं. होमवर्कच्या वेळचा मोबाइलवरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ असला तर दाखवा, पण मुलाला लाज वाटेल असा नको आणि त्याच्यासमोर "बघा कसा करतो" असंही नको. तुमच्या तक्रारींची मोठी यादी असेल तर ती लिहून द्या, मूल शेजारी बसलेलं असताना वाचून दाखवू नका.

एका भेटीत निकाल लागेलच असं नाही, बऱ्याचदा दोन-तीन भेटी होतात आणि शिकण्यातली अडचण, चिंता, ऑटिझम हेही तपासतात, कारण एडीएचडीसोबत दुसरं काही असणं फार कॉमन आहे. शेवटी रिपोर्ट लेखी मागा, त्यात कोणते फॉर्म वापरले, गुण किती आले, निदान कोणत्या निकषाने झालं आणि शाळेने काय करावं हे यायला हवं. एडीएचडी नाही असं निघालं तरी तो रिपोर्ट घ्या आणि मग त्रास कशामुळे आहे ते तिथेच विचारा, पुढे पुन्हा तपासायची वेळ आली तर तुलना करायला हाच कागद लागतो.